सहाशे एमएमचा माणूस

शिकारी पक्ष्यांचे फोटो काढणारा हौशी माणूस कोल्हापुरात बारमाही आढळतो. पावसाळ्यात तो घरातच असतो आणि चिडचिडा असतो. त्याचे खरे दर्शन दिवाळीनंतर, राधानगरीच्या रस्त्यावर, उजाडायच्या आत होते. वय पस्तीस ते साठ. शिवाजी उद्यमनगरात स्वतःचे मशीन शॉप, लक्ष्मीपुरीत वडिलोपार्जित दुकान, ताराबाई पार्कात दातांचा दवाखाना, नाहीतर बँकेतून घेतलेली स्वेच्छानिवृत्ती, यांपैकी काहीतरी त्याच्या पाठीशी असते. असावेच लागते. या छंदाची भूक नुसत्या पगारात भागत नाही.

पक्षीवेड्यांमध्ये तो स्वतःचा दर्जा वेगळा मानतो. शिंजीर, सुगरण, नाचण असल्या बागेतल्या पाखरांत रमणाऱ्यांना तो 'चिमणीवाले' म्हणतो. तो स्वतः 'रॅप्टरवाला' असतो. बाकदार चोच, आकड्यासारख्या नख्या आणि माणसाकडे तुच्छतेने पाहणारा डोळा एवढे असल्याशिवाय पक्षी त्याच्या हिशेबात येत नाही. सर्पगरुड, काळा गरुड, मोरघार, मधुबाज, शिक्रा, बहिरी ससाणा ही त्याची दैवते. हळद्या अगदी समोरच्या फांदीवर येऊन गाऊ लागला तरी तो कॅमेरा उचलत नाही; बॅटरी वाचवतो.

हा माणूस जन्मतः असा नसतो. सुरुवात बहुधा रंकाळ्यावर होते. सकाळी फिरायला गेलेला असताना मोबाइलवर खंड्याचा फोटो बरा येतो, कोणीतरी "लय भारी!" म्हणते आणि चांगला संसारी माणूस कामातून जातो. आधी कॅमेऱ्याबरोबर मिळालेली लेन्स, मग १५०-६००ची झूम, आणि शेवटी ६०० एमएम एफ-४ची प्राइम. ही शेवटची वस्तू वजनाला तीन किलोच्या आसपास भरते आणि किमतीला दहा लाखांच्या वर जाते. घरी सांगितलेली किंमत आणि बिलावरची किंमत यांत सहसा एका शून्याचा फरक असतो. बिल कारखान्याच्या पत्त्यावर येते. एवढे झाल्यावर समाधान व्हावे, पण तसे होत नाही. तिला मागून १.४ एक्सचा कन्व्हर्टर लावला की ती ८४० एमएमची होते. त्यात प्रकाश निम्मा होतो आणि फोटो हलण्याची शक्यता वाढते, हे त्याला ठाऊक असते. तरी लावतो.

पावसाळ्यात लेन्सच्या काचेला बुरशी धरते. त्यासाठी विजेवर चालणारे खास कपाट येते, ज्याच्या आतली आर्द्रता चाळीस-पन्नास टक्क्यांच्या आसपास ठेवता येते. जुलैत घरातल्या सगळ्यांच्या कपड्यांना कुबट वास येत असतो, पोरांचे युनिफॉर्म पंख्याखाली वाळत असतात आणि लेन्स तेवढी कोरडी ठणठणीत असते. या कपाटात पापड ठेवावेत अशी सूचना बहुतेक घरांत एकदा येते. बहुतेक घरांत ती एकदाच येते.

मशीन शॉपवाला रॅप्टरवाला असेल तर खर्चात थोडी बचत होते. जीपच्या दारावर लेन्स टेकवायचा माउंट, ट्रायपॉडचे डोके, लेन्सचा पाया असल्या वस्तू तो विकत घेत नाही. कामगाराला चहा पाजून लेथवर करून घेतो. वस्तू आयात मालापेक्षा दुप्पट जड होते आणि तिप्पट टिकते. याला कोल्हापुरात परंपरा आहे. बाबूराव पेंटरांनी १९१८च्या सुमारास सिनेमाचा कॅमेराच या गावात बनवला आणि त्यावर 'सैरंध्री' हा १९२०चा चित्रपट काढला. खरी कॉर्नरला त्याची आठवण म्हणून कॅमेरा स्तंभ उभा आहे. आपण बनवलेला माउंट दाखवताना रॅप्टरवाला या स्तंभाचा उल्लेख करतो. तो टाळता येत नाही.

त्याचे तीर्थक्षेत्र म्हणजे दाजीपूर. कोल्हापूरपासून सुमारे ऐंशी किलोमीटरवरचे हे रान एकेकाळी छत्रपतींच्या शिकारीचे होते. १९५८ साली ते गव्यांसाठी अभयारण्य झाले. १९८५ साली राधानगरी धरणाभोवतीचा मुलूख जोडून त्याचे क्षेत्र ३५१ चौरस किलोमीटर करण्यात आले, आणि २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर त्याचेही नाव जागतिक वारसा यादीत गेले. कोल्हापूरची शिकार हा साधा विषय नव्हता. संस्थानच्या चित्तेखान्याची कीर्ती देशभर होती. पाळलेला चित्ता डोळ्यांवर पट्टी बांधून गाडीवरून रानात नेत आणि काळवीट दिसले की पट्टी काढून सोडत. देशातले चित्ते मिळेनासे झाले तेव्हा आफ्रिकेतून आणवले. नव्या राजवाड्यातल्या संग्रहालयात त्या काळचे पेंढा भरलेले प्राणी आजही लोक पाहतात.

१९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकार बंद झाली. शिकारी मात्र गेला नाही, त्याने हत्यार बदलले. भाषा जुनीच राहिली. राधानगरीच्या स्टँडजवळ चहाच्या गाडीवर दोन रॅप्टरवाले भेटले की संभाषण असे होते:

"काय मारलास आज?"

"काळा गरुड. सकाळी सकाळी, डोक्यावरनं चालला होता. सोडतोय व्हय?"

"आणि सर्पगरुड?"

"त्यो काल मारला. दोनशे शॉट टाकले, वीस-पंचवीस बसले."

शेजारी चहा पीत असलेल्या नव्या वनरक्षकाचा कप तोंडाशीच थांबतो.

निघण्याची वेळ पहाटे चार. पाच जण जमायचे ठरलेले असते, तिघे येतात, चौथा फोन उचलत नाही आणि पाचवा आदल्या रात्री तांबड्या-पांढऱ्यावर बसलेला असल्याने त्याच्याविषयी कोणी अपेक्षा धरत नाही. फुलेवाडी सोडली की गळीत हंगामातली खरी परीक्षा सुरू होते. ऊस भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर भोगावती कारखान्याकडे निघालेले असतात. त्यांना मागचे काही दिसत नाही आणि लावलेल्या गाण्यांमुळे ऐकूही येत नाही. रॅप्टरवाला घड्याळ पाहत राहतो. त्याच्या तगमगीला कारण आहे. शिकारी पक्षी सकाळच्या थंडीत उघड्या फांदीवर पंख फुलवून बसतात. ऊन तापून हवा वर चढू लागली की साडेनऊ-दहानंतर तेही तिच्यावर स्वार होऊन घिरट्या घेत वर जातात. फांदीवरचा गरुड हवा असेल तर त्या वेळेआधी पोचावे लागते, आणि सगळा डाव वीसेक टन उसाच्या मागे अडकलेला असतो.

पोशाख पानाफांद्यांच्या नक्षीचा. टोपी, जाकीट, पँट, एवढेच काय लेन्सचे आवरणही तसेच. गाडी मात्र लालभडक किंवा पांढरीशुभ्र. गरुडाची नजर माणसाच्या नजरेपेक्षा दुपटीहून अधिक तीक्ष्ण असते आणि रंगही त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतात. राधानगरीचा रस्ता उतरणारी ही गाडी त्याने केव्हाच पाहिलेली असते. त्या हिरव्या कपड्यांचा उपयोग झालाच तर सोबत्याला होतो: झुडपात शिरलेला मित्र त्याला परत सापडत नाही.

अभयारण्यात स्थानिक जीप आणि गाईड घ्यावा लागतो. गाईड आसपासच्या वाडीतला तरुण असतो. त्याचे आजोबा हाकेकऱ्यांत होते असे तो सांगतो आणि ते बहुधा खरे असते. तो पर्यटकांना गवे दाखवायला सरावलेला. इथे अडचण येते. सावराई सड्याकडे जाताना रस्त्याच्या कडेला, दहा पावलांवर, एक काळाकभिन्न गवा येऊन उभा राहतो. पांढरे पायमोजे, घुमटासारखा खांदा, हजार किलोच्या घरातला जीव. जीपमधली शाळकरी पोरगी मोबाइलवर त्याचा सुरेख फोटो काढते. रॅप्टरवाल्याच्या हातात सहाशे एमएम असते. त्यातून त्याला गव्याची एक नाकपुडी दिसते. तीसुद्धा पूर्ण नाही. तो लेन्स खाली ठेवतो आणि म्हणतो, "गवा काय, रोज बघतोय." हे वाक्य दाजीपुरात आलेल्या प्रत्येक रॅप्टरवाल्याने एकदा तरी उच्चारलेले आहे.

"सर, वर गरुड!" गाईड ओरडतो.

जीप थांबते. तीन लेन्सा वर जातात. वीस फ्रेम सेकंदाला या वेगाने मशीनगन चालावी तसा आवाज होतो. मग रॅप्टरवाला कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर वाकून पाहतो. शेपटीला खाच आहे.

"भावा, घार हाय ही."

"घारच की, सर. पण गरुडागत उडत्या."

घारीचा फोटो तत्काळ डिलीट होतो. खरे म्हणजे घारही शिकारी पक्षीच आहे. तिची नजर, नख्या आणि वळणे घेण्याची कला गरुडाहून कमी नाही. पण ती घरच्या गच्चीवरून दिसते, मटण मार्केटवर घिरट्या घालते, कचरा डेपोवर शेकड्यांनी बसते, आणि तिच्यासाठी पहाटे चारला उठावे लागत नाही. एवढ्या दोषांवर ती बाद होते.

रानात पुढे गेल्यावर टिपेची, ताणलेली शीळ ऐकू येते. सर्पगरुड! रॅप्टरवाला तोंडावर बोट ठेवून जीपमधून उतरतो, तीन किलोची लेन्स आणि दीड किलोचा ट्रायपॉड खांद्यावर टाकून गाईड नको नको म्हणत असताना कारवीत घुसतो. शीळ पुन्हा येते, थोडी डावीकडून. वीस मिनिटांनी तो परततो तेव्हा टोपी गेलेली असते, हाताला खाज सुटलेली असते, आणि झाडावर भृंगराज बसलेला असतो. हा काळा, लांब तारांच्या शेपटीचा कोतवाल दुसऱ्या पक्ष्यांचे आवाज हुबेहूब काढतो, त्यात शिकारी पक्ष्यांचेही. इतर पाखरे दचकून पळाली की त्यांचे भक्ष्य त्याला मिळते. माणूस दचकून आल्यावर त्याला काय मिळते हे कोणी अभ्यासलेले नाही. तो खुश दिसतो एवढे खरे.

आणि मग कधीतरी खरा सर्पगरुड भेटतो. जांभळाच्या वठलेल्या फांदीवर, पिवळा डोळा रोखून, छातीवर पांढऱ्या ठिपक्यांची खडी. सापावर टपून तो एका जागी अर्धा-पाऊण तासही बसतो, म्हणून शिकारी पक्ष्यांत त्याचा फोटो सर्वांत सोपा, असे पुस्तकात असते. पुस्तकात मधली फांदी नसते. ऑटोफोकस पक्ष्याऐवजी तिला पकडतो आणि दहा लाखांच्या लेन्समधून जांभळाच्या काटकीचा अत्यंत सुस्पष्ट, प्रत्येक भेग दाखवणारा फोटो निघतो. कोणत्याही रॅप्टरवाल्याच्या हार्ड डिस्कमध्ये सह्याद्रीतल्या काटक्यांचा जो संग्रह असतो तो वनस्पतीशास्त्राच्या विभागांनी हेवा करावा असा आहे. मागे पांढरे आभाळ असेल तर कॅमेरा आभाळाला फसतो आणि गरुड डांबरासारखा काळा येतो. त्यावर उपाय म्हणून एक्स्पोजर एक-दीड स्टॉप वाढवावे, हे तो दुसऱ्यांना शिकवतो. स्वतः ऐन वेळी विसरतो.

बसलेल्या पक्ष्यावर तो समाधानी नसतोच. त्याला उड्डाण हवे असते. त्यासाठी शटर दोन हजारांश सेकंदावर ठेवून, एक डोळा मिटून, मान अवघडेपर्यंत थांबावे लागते. या कलेचे एक गुपित आहे आणि ते सगळ्यांना माहीत आहे: मोठा पक्षी उडण्याआधी बहुधा शिटतो. शेपटी उचलली, पांढरी पिचकारी गेली, की पुढच्या काही क्षणांत तो झेपावणार. त्यामुळे दाजीपूरच्या शांत रानात, सकाळी सव्वाआठ वाजता, समाजात मान असलेला एखादा दंतवैद्य जिवाच्या आकांताने ओरडतो, "शिटला! शिटला!" पाठोपाठ तीन कॅमेरे कडाडतात. एरवी त्याच्या तोंडी असा शब्द कोणी ऐकलेला नसतो.

फोटो मिळतात ते उडून जाणाऱ्या पक्ष्याच्या पाठीचे. रॅप्टरवाल्याकडे अपयश नावाचा प्रकार नसल्याने त्यांचे नामकरण केले जाते. पक्षी फार लांब असेल तर तो 'हॅबिटॅट शॉट'. काळा आला तर 'सिल्हूट'. हलला तर 'मोशन'. फांदीमागे अर्धा लपला तर 'नैसर्गिक फ्रेमिंग'. काहीच धड दिसत नसेल आणि फोटो टाकल्याशिवाय राहवतही नसेल, तर कृष्णधवल करतात आणि खाली शायरी लिहितात.

संध्याकाळी ग्रुपवर ओळख पटवण्याचे युद्ध होते. वाद बहुधा मधुबाजावरून असतो. हा पक्षी मधमाश्या आणि गांधीलमाश्यांची पोळी फोडून आतल्या अळ्या खातो, आणि त्याचे रंग इतक्या तऱ्हांचे असतात की त्याच्या दोन छायाचित्रांत साम्य शोधावे लागते. त्यातल्या काही तऱ्हा थेट मोरघारीसारख्या दिसतात. ताकदवान गरुडाचे सोंग घेतल्याने तो स्वतः वाचतो, असे अभ्यासकांचे मत आहे. डोके कबुतरासारखे लहान, मान लांब, या खुणांवर तो ओळखता येतो. पण ग्रुपवर खुणांपेक्षा ज्येष्ठता चालते. "मोरघार. तीस वर्षे बघतोय," असे एकाने लिहिले की दुसरा पक्षीकोशाच्या पानाचा फोटो टाकतो, तिसरा 'अभिनंदन' लिहितो, चौथ्याने चुकून दुसऱ्याच ग्रुपचा लग्नपत्रिकेचा फोटो टाकलेला असतो. रात्री साडेअकराला दोघे ग्रुप सोडतात. सकाळी त्यांना परत घेतले जाते. ५ ते १२ नोव्हेंबरच्या पक्षी सप्ताहात, म्हणजे मारुती चितमपल्ली आणि सालीम अली यांच्या जन्मदिवसांच्या मधल्या आठवड्यात, तात्पुरता युद्धविराम असतो, कारण सगळेच कुठल्या ना कुठल्या शाळेत भाषणाला गेलेले असतात.

इथपर्यंत हा प्राणी निरुपद्रवी आहे. क्वचित तो बिघडतो. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला जवळ बोलावणे, घरट्यासमोर फांद्या छाटून 'क्लिअर व्ह्यू' करणे, पिलांना भरवणाऱ्या मादीपुढे दिवसभर तंबू ठोकून बसणे, आणि ती जागा ग्रुपवर टाकून दुसऱ्या दिवशी वीस गाड्या आणणे, हे सगळे प्रकार घडतात. मादी बिचकून दूर राहिली की अंडी थंड पडतात किंवा उन्हाने भाजतात. वर्षाला एक-दोन अंड्यांवर वंश चालवणाऱ्या गरुडाला हे परवडत नाही. याला छंद म्हणायचे कारण नाही. जुना शिकारी निदान नेमके किती मारले ते सांगत होता. चांगला रॅप्टरवाला घरट्याची जागा सख्ख्या मित्राला सांगत नाही. त्यामागे पक्ष्याविषयीचे प्रेम किती आणि मित्राविषयीचा मत्सर किती हे तपासू नये. परिणाम चांगला होतो.

आता त्याच्या हार्ड डिस्कविषयी. एका हंगामात हजारो फोटो निघतात, त्यांतले पाच-दहा राहतात आणि बाकीचे जातात. राहतात ते फांदीवर ऐटीत बसलेल्या सर्पगरुडाचे, ज्यासारखे फोटो जगात आधीच लाखो आहेत. जातात ते आभाळातल्या ठिपक्याचे, पंखाच्या खालच्या बाजूचे, दूरवरच्या अस्पष्ट काळ्या गरुडाचे, आणि घारीचे. अभ्यासकाला नेमके हेच हवे असतात. पंखाखालचे पट्टे, झडलेली पिसे, शेपटीचा आकार यांवरून जात आणि वय ठरते, आणि फोटोबरोबर तारीख, वेळ व ठिकाण असेल तर तो पुरावा होतो. 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स'च्या २०२३च्या अहवालात ९४२ जातींचा आढावा आहे. तो सुमारे तीस हजार हौशी लोकांनी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर भरलेल्या तीन कोटी नोंदींवर उभा आहे, आणि देशात वेगाने घटणाऱ्या पक्ष्यांत त्याने शिकारी पक्षी ठेवले आहेत.

गिधाडांचे उदाहरण जुने नाही. गावाबाहेर मेलेल्या जनावरावर ती झुंडीने उतरत तेव्हा त्यांच्याकडे कॅमेरा वळवावा असे फारसे कोणाला वाटले नाही, कारण ती रोजचीच होती. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅकने ती मारली गेली. २००६ साली त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली तोवर रानेच्या राने रिकामी झाली होती. आज गिधाडाच्या फोटोसाठी हाच माणूस दोन दिवसांची रजा टाकून शेकडो किलोमीटर जाईल.

तेव्हा ज्यांच्या घरी किंवा ओळखीत असा सहाशे एमएमचा माणूस आहे त्यांनी एवढेच करावे: रविवारी दुपारी तो फोटो उडवायला बसला की त्याचा हात धरावा. टाकाऊ वाटणारा प्रत्येक गरुड, आणि विशेषतः गच्चीवरची घार, तारीख-ठिकाणासह ई-बर्डवर चढवायला लावावे. खाते फुकट निघते. काटक्यांचे फोटो उडवले तरी चालतील.